खांद्यावर तारे चढण्यापूर्वी

भारतीय सैन्यातला अधिकारी नेमका कोण नेमतो, असे विचारले तर बहुतेकांकडे तयार उत्तर असते. कोणी यूपीएससीचे नाव घेईल, कोणी एसएसबीचे (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचे), कोणी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे एनडीएचे. तिन्ही उत्तरे अर्धवट आहेत. यूपीएससी परीक्षा घेते आणि शेवटी गुणवत्ता यादी लावते. एसएसबी शिफारस करते. लष्करी रुग्णालयातले वैद्यकीय मंडळ शरीर तपासते. प्रबोधिनी तीन वर्षे शिकवते, पळवते, पोहायला लावते, पदवीपर्यंत नेते. एवढे सगळे पार पडले तरी तो तरुण अधिकारी झालेला नसतो. लष्कर कायदा, १९५० याच्या दहाव्या कलमाने कमिशन देण्याचा अधिकार राष्ट्रपतींकडे ठेवला आहे आणि ते कमिशन हाती येते आणखी एका अकादमीतून बाहेर पडताना.

या साखळीतला प्रत्येक दुवा ‘नाही’ म्हणू शकतो; ‘हो’ मात्र एकट्याने कोणालाच म्हणता येत नाही. पुढच्या प्रकरणांत जे नियम, उपनियम, वयाच्या अटी, गुणांचे तक्ते आणि अपिलांच्या मुदती येतील, त्या सगळ्यांच्या मागे ही एकच गोष्ट आहे. ती ध्यानात ठेवली तर नियमांचे जंगल वाटणारा हा विषय बराच सरळ होतो.

इतकी खबरदारी कशासाठी? कारण हातात दिली जाणारी गोष्ट मोठी आहे. बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट पलटणीत दाखल होतो, तेव्हा त्याच्या हुकमाखाली तीसेक जवान येतात. त्यांतले काही वयाने त्याच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे, काहींची दोन-तीन ठिकाणची लढाऊ नोकरी झालेली. हा पोरगेलासा साहेब म्हणेल तिकडे त्यांनी जायचे असते. असा माणूस एका वशिल्यावर, एका मुलाखतीवर किंवा एका पेपरवर निवडला जाऊ नये, हे आज आपल्याला उघड वाटते. एके काळी ते तसे नव्हते.

पहिल्या महायुद्धापर्यंत राजाचे पूर्ण कमिशन हिंदी माणसाला जवळजवळ बंदच होते. सुभेदार-जमादारांपर्यंतची वाट मोकळी; त्यापुढे नाही. युद्धाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. त्या दहा जागांसाठी नाव पुढे येण्यात घराणे, सरकारदरबारची ओळख आणि साहेबाची मर्जी यांचा वाटा मोठा होता. परक्या देशात, परक्या शिस्तीत ही मुले अडखळू लागली, तेव्हा त्यांची पूर्वतयारी करून घेण्यासाठी १९२२ मध्ये डेहराडूनला शाळा उघडण्यात आली. तेच आजचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. १९२५ मध्ये स्कीन समिती बसली आणि ‘हिंदी सँडहर्स्ट’ची मागणी कागदावर आली. १९३१ मध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे होते. पुढे त्यांनीच नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले.

१ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत पहिली चाळीस मुले दाखल झाली. सॅम माणेकशॉ त्यांतलेच. या तुकडीत खुल्या स्पर्धेतून आलेले होते, सैन्याच्या खालच्या फळीतून निवडलेले होते आणि संस्थानांच्या फौजांतूनही आलेले होते. स्पर्धा परीक्षा हे दार त्या वेळी पहिल्यांदा नीट उघडले. तरीही उमेदवाराचा स्वभाव जोखण्याचे काम मुलाखतीवरच चालले होते. समोर बसलेला अनुभवी कर्नल मुलाला वर-खाली न्याहाळी आणि त्याला वाटेल ते ठरवी. दुसऱ्या महायुद्धात ही पद्धत उघडी पडली. ब्रिटनमध्ये निवडलेले अनेक उमेदवार प्रशिक्षणात टिकेनात आणि माघारी पाठवावे लागत. म्हणून १९४२ मध्ये तिथे मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने निवड मंडळे उभी राहिली. पुढच्याच वर्षी ती पद्धत हिंदुस्थानात आली. आजची सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डे तिचीच वंशज. ब्रिटिश गेले, सँडहर्स्टचा ओढा गेला. ही पद्धत मात्र स्वतंत्र भारताने ठेवली, तपासली आणि आपली करून घेतली.

स्वातंत्र्यानंतर त्यात एक नवी कल्पना मिसळली. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या भावी अधिकाऱ्यांनी सुरुवातीची वर्षे एकाच छताखाली काढावीत, ही ती कल्पना. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. तळे, डोंगर आणि समोर सिंहगड अशी ही जागा. मधोमध उभा असलेला सुदान ब्लॉक सुदानने दिलेल्या देणगीतून बांधला आहे. महायुद्धात भारतीय सैनिकांनी सुदानच्या भूमीवर केलेल्या कामगिरीची ती पोच. पुणेकरांना खडकवासला म्हणजे पावसाळ्यातली भजी आणि कणसे. धरणापलीकडच्या त्या कुंपणाआड काय चालते, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते.

आता नियमांकडे वळू. पहिला टप्पा पात्रतेचा. तो वाचायला सोपा; सर्वांत जास्त अर्ज फुकट जातात तोही इथेच. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. अधिसूचनेत मात्र ते वर्षांत न देता जन्मतारखेच्या दोन कडांत दिलेले असते आणि एका दिवसाचीही सूट नसते. जन्मतारीख ग्राह्य धरली जाते ती दहावीच्या प्रमाणपत्रावरची. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ‘१ जून’ लिहून टाकायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. तिचा फटका इथे बसतो आणि नंतर कितीही शपथपत्रे केली तरी उपयोग होत नाही. भूदलाच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. कला शाखेच्या मुलाला प्रबोधिनी बंद आहे, हा समज खोटा. तो भूदलात येऊ शकतो, फक्त लेखी परीक्षेतले गणित त्याला सुटत नाही. उमेदवार अविवाहित हवा. नागरिकत्व भारतीय, नेपाळच्या प्रजाजनालाही अर्ज करता येतो. जातीनिहाय आरक्षण प्रबोधिनीच्या जागांना नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शुल्क माफ आहे, जागा राखीव नाहीत.

२०२१ पर्यंत या अटींत आणखी एक अट होती : उमेदवार पुरुष असावा. लष्कर कायद्याचे बारावे कलम स्त्रियांना, सरकार जाहीर करील त्या दलांचा अपवाद सोडता, सैन्यात घेण्यास मनाई करते. त्या अपवादातून १९९२ पासून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून स्त्री अधिकारी येऊ लागल्या. पण बारावीनंतरचे खडकवासल्याचे दार त्यांना बंदच राहिले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा प्रश्न त्यांच्या बाजूने निकाली काढला. १८ ऑगस्ट २०२१ रोजी मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या, असा अंतरिम आदेश झाला. सरकारने तयारीसाठी पुढच्या वर्षापर्यंत वेळ मागितला, न्यायालयाने तो दिला नाही. १४ नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेसाठी पावणेदोन लाखांहून अधिक मुलींनी अर्ज केले. लेखी परीक्षेतून १,००२ मुली पुढे आल्या. त्यांच्यासाठी जागा होत्या एकोणीस. १४८ व्या कोर्समध्ये त्या दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतल्या सतरा जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या. नियम बदलायला सत्तर वर्षे लागली. बदलल्यावर मुली यायला तीन महिनेसुद्धा लागले नाहीत.

दुसरा टप्पा लेखी परीक्षेचा. यूपीएससी ती वर्षातून दोनदा घेते. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, सामान्य क्षमता चाचणीचा ६००. प्रत्येकी अडीच तास. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते. इंग्रजीचे २०० गुण मात्र इंग्रजीतच मिळवावे लागतात. मराठी माध्यमाच्या मुलाची खरी घसरगुंडी गणितात न होता इथे होते, हे शिकवणाऱ्यांनी ओळखले पाहिजे. या टप्प्याविषयी बाजारात पुस्तकांची रास आहे, म्हणून आपण त्यावर फार थांबलो नाही.

थांबलो आहोत तिसऱ्या टप्प्यावर, कारण विषयाचा गाभा तिथे आहे. लेखी परीक्षेचे ९०० आणि एसएसबीचेही ९००. म्हणजे पाच दिवसांच्या त्या मुक्कामाला अडीच-अडीच तासांच्या दोन पेपरांइतकेच वजन. शिवाय मंडळाने शिफारस केली नाही, तर लेखीत कितीही गुण असोत, उमेदवार यादीच्या बाहेर. लेखीचे गुण अंतिम निकालापर्यंत जाहीरच होत नाहीत.

प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू, जालंधर, म्हैसूर, डेहराडून अशा ठिकाणच्या मंडळांत उमेदवार दाखल होतो, तेव्हा छातीवर एक क्रमांक चढतो. पुढचे पाच दिवस मैदानावर त्याची ओळख तेवढीच : ‘चेस्ट नंबर सात’. नाव-आडनावावरून गाव, जात, घराणे वाचण्याची आपली सवय लक्षात घेतली तर ही साधीशी गोष्टही बरेच काही साधते. पहिल्याच दिवशी छाननी होते. बुद्धिमत्तेच्या चाचण्या झाल्यावर पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दिसते. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ती गटासमोर सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक समान गोष्ट ठरवायची. इथे बहुधा मासळीबाजार भरतो. पंधरा मुले एकदम बोलू लागतात. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून अधिक मुले सामान उचलून स्टेशनकडे निघालेली असतात. त्यांच्या बोलीत ती ‘स्क्रीन आउट’ झाली.

जी उरतात, त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांसमोर जावे लागते. या तिघांच्या कामाची वाटणी मंडळांच्या वर्तुळात तीन जुन्या शब्दांत सांगतात : मनसा, वाचा, कर्मणा. मानसशास्त्रज्ञ मन वाचतो. तो उमेदवाराला बहुधा भेटतही नाही. त्याच्यापुढे असतात फक्त लिहिलेले कागद. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यांतले शेवटचे चित्र कोरे. एकामागून एक साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद आणि त्यात एक वाक्य. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. शेवटी स्वतःविषयी : आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतील, मित्र काय म्हणतील, शिक्षक काय म्हणतील. पंधरा सेकंद म्हणजे ठरवून, सजवून लिहायला वेळ नाही. क्लासमध्ये पाठ केलेली ‘शूर’ वाक्ये एकदोनदा चालून जातात. साठ वेळा नाही.

मुलाखत घेणारा अधिकारी वाचा तपासतो. उमेदवाराने आधी भरून दिलेला माहितीचा अर्ज त्याच्या समोर असतो. तो एका दमात दहा-बारा प्रश्न विचारतो : दहावीला किती, बारावीला किती, कमी का झाले, आवडते शिक्षक कोण, नावडते कोण आणि का, मित्र किती, घरी कोणाशी जास्त पटते, सुट्टीत काय करता. उमेदवाराने ते ध्यानात ठेवून क्रमाने उत्तरे द्यायची. उत्तरांतली माहिती महत्त्वाची असतेच. पण प्रश्न विसरल्यावर मुलगा थाप मारतो की ‘सर, पुढचा प्रश्न विसरलो’ म्हणतो, तेही पाहिले जाते.

तिसरा माणूस म्हणजे ग्रुप टेस्टिंग ऑफिसर, सगळ्यांच्या तोंडी जीटीओ. तो मैदानावर असतो. आठ-दहा जणांच्या गटाला एक फट्टा (फळी), एक बल्ली (लाकडी वासा), एक रस्सी आणि एक जड ओझे मिळते. समोर खांब आणि ओंडके रोवलेले. सुरुवातीची रेषा आणि शेवटची रेषा यांच्यामध्ये जमिनीला पाय लावायचा नाही. लाल रंगाला कोणी स्पर्श करायचा नाही. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून ओलांडायचे नाही. गटातले सगळे आणि सगळे सामान पार झाले पाहिजे. नेता कोणी नेमलेला नसतो. जीटीओ हातात कागद घेऊन बाजूला उभा राहतो आणि बहुतेक वेळ काहीच बोलत नाही.

अशा वेळी काय होते? एक मुलगा सगळ्यांच्या आधी पुढे सरसावतो, फट्टा उचलतो, स्वतः पलीकडे जातो आणि तिथून आरडाओरडा करत सूचना देऊ लागतो. दुसरा मागेच उभा राहतो. तिसरा दोन मिनिटे नुसता बघतो, मग बल्लीचे टोक धरून सांगतो, ‘रस्सी इथे बांधू, आधी हलका माणूस पाठवू,’ आणि स्वतः शेवटपर्यंत ओझे धरून थांबतो. कोणाला किती गुण मिळतात हे बाहेर कळत नाही. पण लष्कर ज्याला अधिकाऱ्याचे पंधरा गुण म्हणते, त्यांच्या यादीत सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, तडकाफडकी निर्णय आणि धैर्य हे एकाच रांगेत बसवले आहेत, हे ध्यानात घेतले की नुसता आवाज चढवणारा का मागे पडतो, ते समजते. एक काम सुटले नाही तरी उमेदवार बाद होत नाही. सुटत नसताना तो कसा वागतो, हेच तर पाहायचे असते.

हे तिघे परीक्षक आपापले मत वेगवेगळे बनवतात आणि पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत ते एकमेकांना सांगत नाहीत. त्या दिवशी सगळे मंडळ एका मोठ्या टेबलाभोवती बसते, उमेदवार काही मिनिटांसाठी आत येतो आणि निर्णय होतो. एकाच मुलाचे तीन वेगळ्या खिडक्यांतून घेतलेले दर्शन जुळते का, हे तिथे पडताळले जाते. कागदावर धाडसी आणि मैदानावर दुसऱ्यांच्या मागे लपणारा मुलगा इथे उघडा पडतो. आपल्या देशातल्या निवडपद्धतींपैकी इतकी विचारपूर्वक रचलेली दुसरी पद्धत दाखवणे अवघड आहे, असे आमचे मत आहे.

तरी तिच्यातली एक उणीव नोंदवली पाहिजे. नापसंत झालेल्या उमेदवाराला कारण सांगितले जात नाही. ‘नॉट रेकमेंडेड’ एवढेच ऐकून तो घरी येतो, आणि मग ते कारण सांगण्याचा धंदा क्लासवाले करतात. परीक्षकांच्या नोंदी गुप्त राहणे समजू शकते. पण कोणत्या अंगाने कमी पडलास, हे दोन ओळींत सांगितल्याने गुप्ततेला कोणता धक्का बसेल? वय आहे तोवर उमेदवार पुन्हा येऊ शकतो. त्या दोन ओळी हाती असतील तर तो सुधारून येईल, नसतील तर पाठांतर वाढवून. वैमानिकांच्या चाळणीचा नियम तर याहून कडक : संगणकावरच्या वैमानिक अभिक्षमता चाचणीत एकदा अनुत्तीर्ण झालेला उमेदवार आयुष्यात पुन्हा त्या चाचणीला बसू शकत नाही.

चौथा टप्पा वैद्यकीय तपासणीचा. एसएसबीने शिफारस केलेल्या मुलाची वरात जणू निघालेली असते आणि इथे ती थांबते. गुडघे एकमेकांना टेकणे, सपाट तळवे, नाकाचे वाकडे हाड, पायाच्या फुगलेल्या शिरा, वजन, डोळ्यांचा क्रमांक, रंग ओळखण्यातला दोष आणि कधी कधी नुसता कानातला साठलेला मळ. यांतल्या कित्येक गोष्टी वेळेत दाखवल्या तर बऱ्या होणाऱ्या. अपात्र ठरलेल्याला ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येते आणि त्यानंतर पुनर्विलोकनाचीही सोय आहे. इथेही तेच तत्त्व : एका डॉक्टरचा शब्द शेवटचा नाही.

हे सगळे झाल्यावर यूपीएससी १८०० पैकी गुणांची यादी लावते. जागा एका वेळी साधारण ३७०. त्यांत भूदलाच्या २०८, नौदलाच्या ४२ आणि हवाई दलाच्या १२०, याशिवाय नौदल अकादमीच्या काही. शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण अलीकडच्या वर्षांत सातशेच्या आतबाहेर, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या जवळपास राहिले आहेत. नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांची सवय झालेल्या पालकांना हा आकडा चक्रावून टाकतो. त्याचा अर्थ परीक्षा सोपी आहे असा नाही. मंडळे गुण हात राखून देतात, आणि माणूस मोजताना शंभरपैकी शंभर हा आकडा त्यांच्या हिशेबात नसतो.

निवड झाली म्हणजे कमिशन मिळाले असे नाही. खडकवासल्यात सहा सत्रे. सकाळी पीटी आणि ड्रिल, दुपारी वर्ग, संध्याकाळी खेळ, आणि मध्ये कॅम्प ग्रीनहॉर्न, कॅम्प रोव्हर्स, कॅम्प तोरणा. सिंहगड ही आपली रविवारची सहल. शिस्त मोडलेल्या कॅडेटला तीच शिक्षा. अभ्यासात, पोहण्यात, शारीरिक चाचण्यांत किंवा वागणुकीत कमी पडलेल्या कॅडेटला एक सत्र मागे टाकले जाते. यालाच ‘रेलिगेट’ होणे म्हणतात. वारंवार तसे झाले तर घरचा रस्ता. प्रशिक्षणाचा आणि राहण्याजेवणाचा खर्च सरकार करते. पण कॅडेटने मर्जीने मध्येच सोडले तर तो वसूल करण्याचा करार पालकांनी आधीच सही करून दिलेला असतो. तीन वर्षांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते आणि ‘अंतिम पग’ ओलांडून कॅडेट बाहेर पडतो : भूदलाचा डेहराडूनला, नौदलाचा केरळातल्या एळिमलाला, हवाई दलाचा हैदराबादजवळच्या दुंडिगलला. तिथले प्रशिक्षण पुरे झाल्यावर तो लेफ्टनंट, सब लेफ्टनंट किंवा फ्लाइंग ऑफिसर होतो.

कमिशन ही कायद्यातली ठळक रेषा आहे, आणि तिच्या अलीकडे उभे असणे काय असते हे फारसे बोलले जात नाही. शेवटच्या अकादमीत कॅडेटला महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते, पण तो काळ सेवेत धरला जात नाही. कायद्याच्या दृष्टीने तो अजून अधिकारी नाही. म्हणूनच प्रशिक्षणात पाठीचा कणा मोडलेला, डोक्याला इजा झालेला, कायमचा जायबंदी होऊन बाहेर पडलेला कॅडेट माजी सैनिक ठरत नाही. त्याला अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन मिळत नाही. अनुग्रह रकमेवर भागवावे लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कॅडेटांच्या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. निवड करताना इतकी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने आपणच निवडलेल्या मुलाला रेषेअलीकडे पडला म्हणून वाऱ्यावर सोडू नये. हा नियम बदललाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि शेवटच्या प्रकरणात ते सविस्तर मांडले आहे.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध केवळ भूगोलाचा नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. जवानांत मराठी मुलगा भरपूर आणि अधिकाऱ्यांत कमी, ही खंत जुनी. त्यावर उपाय म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतरची दोन वर्षे तिथे मुलांना एनडीएसाठी तयार केले जाते. जवानालाही अधिकारी होण्याची वाट आहे : आर्मी कॅडेट कॉलेज. ते १९७७ पर्यंत पुण्यातच होते, मग डेहराडूनला गेले. या सर्व वाटांची माहिती, पात्रता आणि क्रम पुढच्या प्रकरणांत एकत्र दिला आहे. मांडणी उमेदवाराच्या प्रवासाप्रमाणे आहे : अर्जापासून कमिशनपर्यंत. ज्याला ज्या टप्प्याची गरज, त्याने ते प्रकरण आधी उघडावे.

वाचकांना, विशेषतः दहावी-अकरावीतल्या मुलामुलींच्या पालकांना आणि शिक्षकांना, तीन विनंत्या. जागांचे आकडे, वयाच्या कडा आणि वैद्यकीय निकष दर अधिसूचनेला थोडेफार बदलतात. म्हणून हे पुस्तक वाचले तरी अर्ज भरण्यापूर्वी यूपीएससीची चालू अधिसूचना पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख आणि मुलाचे डोळे, पाय, दात, कान आजच तपासून घ्या. एसएसबी झाल्यावर नको. आणि मुलगा किंवा मुलगी ‘नॉट रेकमेंडेड’ होऊन परत आली, तर तो त्यांच्या लायकीवरचा शेरा समजू नका. मंडळाने एका विशिष्ट नोकरीसाठी, पाच दिवसांत, त्या वेळी दिलेले ते मत आहे. वय शिल्लक असेल तर पुन्हा पाठवा. एनडीएचे वय सरले असेल, तर पदवीनंतर कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षेचे दार उघडे आहे, आणि तिथे हेच पाच दिवस पुन्हा मिळतात.